विलापिका उभ्यानंच

रशियन कवी पंचविशीतच म्हातारे व्हायचे, असं आमच्या बाई म्हणायच्या. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन विलापिका त्यांनी मला पुण्यात शिकवल्या. तारुण्य गेलं, मित्र गेले, संध्याकाळी कबरस्तानात कवी एकटाच उभा! आम्ही मुली फिदीफिदी हसायचो. "हसा," बाई म्हणायच्या, "पण पुढे वाचा. सगळं गेलं म्हणता म्हणता तो हट्टाला पेटतो. गेलं तरी माझंच आहे म्हणतो." म्हणून त्यांचा नियम होता: विलापिका वाचणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं, दोघांनीही उभं राहायचं. बसून करायचं ते रडगाणं.

त्याच रशियनच्या जोरावर मी आज दुबई मरीनात फ्लॅट विकते. एका रशियन जोडप्याला बाल्कनी दाखवत असताना बाई गेल्याचा मेसेज आला. रजा मागितली, मिळाली नाही. रडू नंतर आलं, आधी संताप आला. निरोप इथूनच द्यायचा, असं ठरवून मी बाईंच्या आवडत्या विलापिकेचा मराठी अनुवाद केला आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात वाचायला नाव दिलं.

आयोजकांचा फोन आला. "मॅडम, दिवाळीत हे सॅड सॅड नको हो. लोग एंजॉय करने आते हैं. एखादी हलकीफुलकी द्या ना."

"बघते," मी म्हणाले. काय बघायचं ते माझं ठरलेलं होतं.

घरी उभ्यानं तालीम करताना लेकीला बाईंचा नियम सांगितला. फोनमधून मान वर न करता ती म्हणाली, "आई, दॅट्स सो ड्रामॅटिक."

स्टेजवर मी विलापिकाच काढली. चार ओळी होतात न होतात तोच आयोजक विंगेतून हातवारे करू लागले. मग माइक बंद झाला. "खलास मॅडम, थँक्यू!" समोरचे लोक फराळाच्या बशांत बघू लागले. मी वाचत राहिले, पण आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जाईना. बाईंना इथूनही नीट निरोप देता येणार नाही, असं वाटू लागलं.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. माझी लेक उभी राहिली होती.

"लाउडर, आई," ती म्हणाली. "स्टार्ट अगेन."

मी कागद खाली ठेवला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.