इंजिन न उतरवता

सक्करदऱ्याच्या रस्त्यावर भैय्याजींच्या गॅरेजबाहेर एक पत्रा टांगलेला होता. त्यावर लाल रंगात लिहिलं होतं : 'चेंबर पॅकिंग एका दिवसात. इंजिन न उतरवता.' ही करामत जागेश्वर बारापात्रेची होती आणि पत्र्यावर नाव भैय्याजींचं. जागेश्वरला त्याचा कधी राग आला नाही. राग यायला अठ्ठ्याहत्तर साल उजाडावं लागलं.

तो तांडापेठेतल्या विणकराचा मुलगा. बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि लुगडी विणायचा. पुढे पॉवरलूमचं कापड आलं, आणि बाप खड्ड्यात नुसताच बसून राहू लागला. तो मेला तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. माग मोडला, जळणात गेला. जागेश्वरनं त्यातून दोन सागवानी ठोकळे तेवढे कापून ठेवले आणि तो गाड्या शिकायला गेला.

अ‍ॅम्बेसेडर जुनी झाली की खालून तेल गळतं. इंजिनच्या पोटाखाली तेलाची एक पत्र्याची परात असते, तिला मिस्त्री चेंबर म्हणतात. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पट्टी असते, ते पॅकिंग. ते वाळतं, चिरतं. बदलायचं तर चेंबर काढावं लागतं आणि चेंबर निघत नाही, कारण त्याच्याखालून गाडीची आडवी बीम गेलेली असते. म्हणून रीत अशी, की चेन-पुलीला बांधून अख्खं इंजिनच बाहेर उचलायचं. दोन-तीन दिवसांचं काम.

जागेश्वरनं ते एका दिवसावर आणलं. इंजिन ज्यावर बसतं ते पुढचे बोल्ट सोडायचे, चेंबरखाली फळी देऊन जॅकनं इंजिन तीन इंच उचलायचं, दोन्ही बाजूंना इंजिन आणि बीम यांच्यामध्ये मागाचे ते ठोकळे सरकवायचे, वजन ठोकळ्यांवर सोडायचं आणि जॅक काढून घ्यायचा. मग चेंबर तिरपं करून बाहेर. नवं पॅकिंग तो चेंबरला सुतानं बांधायचा, म्हणजे वर चढवताना ते सरकत नाही. गाठ विणकराची, नखाला न लागणारी. त्याच्या हातची गाडी परत गळत नसे.

तेवढा वेळ इंजिन दोन ठोकळ्यांवर असतं आणि माणसाचे हात त्याच्याखाली.

पत्रा लागला त्याच वर्षी भैय्याजींनी चेन-पुली खापरखेड्याला पाठवली. तिथल्या वीजकेंद्रात त्यांच्या मेव्हण्याचं कंत्राटी काम चालू होतं.

"भैय्याजी, पुली कवा येते?" जागेश्वरनं महिन्याभरानं विचारलं.

"तुले काय करायची पुली? तुह्या हातातच पुली आहे ना गा!"

गॅरेजातले सगळे हसले. जागेश्वरही हसला. हे विसरून चालणार नाही, तोही हसला. पुढे पाच वर्षं त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मारोतराव हा गॅरेजातला दुसरा मिस्त्री. वयानं दहा वर्षांनी लहान, हात चलाख, जीभ त्याहून चलाख. एकदा त्यानं जागेश्वरचा ठोकळा उचलला आणि एका मालट्रकचं चाक घरंगळू नये म्हणून त्यामागे उटी लावून दिला. ठोकळ्याचा कोपरा उडाला. जागेश्वरनं त्या दिवशी मारोतरावाला सगळ्यांसमोर आईबापावरून शिव्या दिल्या. संध्याकाळी त्यानं भलं मोठं कुलूप आणलं. तेव्हापासून ठोकळे त्याच्या गॅरेजातल्या लोखंडी पेटीत आणि किल्ली करगोट्याला.

त्याची बायको इंदूबाई म्हणायची, "देव उघड्यावर अन् लाकडं कुलपात. धन्य आहे तुमची."

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये जागेश्वर साळ्याच्या लग्नाला दोन दिवस उमरेडला गेला. दुसऱ्या दिवशी एक वकील अ‍ॅम्बेसेडर घेऊन आले, त्यांना संध्याकाळी वर्ध्याला जायचं होतं. भैय्याजींनी बाहेरच्या पत्र्याकडे बोट दाखवलं आणि मारोतरावाला गाडीखाली जायला सांगितलं. पुली खापरखेड्याला. ठोकळे पेटीत. मारोतरावानं संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या घेतल्या, चार-चार एकावर एक ठेवून तारेनं बांधल्या आणि इंजिन त्यांच्यावर सोडलं. चेंबर अर्धं बाहेर आलं होतं तेव्हा डाव्या बाजूच्या फळ्या फुटल्या. इंजिन तीन इंच खाली आलं. तीन इंचच. उजव्या हाताची तीन बोटं बीमवर राहिली.

जागेश्वर दवाखान्यात गेला तेव्हा मारोतरावाची बायको वच्छला खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. मारोतराव जागा होता. हाताचं गाठोडं छातीवर होतं.

"बसा, जागेश्वरभाऊ. लग्न झालं बराबर?"

"झालं."

"बुंदी होती का?"

"मारोत..."

"मी तुमची पेटी हलवून पाह्यली," मारोतराव म्हणाला. "दोनदा. लय भारी कुलूप आहे गा तुमचं."

जागेश्वरला वाटलं, हा ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बोलली ती वच्छला. "तुमी ज्यानं हे काम शोधून काढलं, त्यानं हेबी शोधून ठेवाचं होतं. मानूस घरी नसला तर काय कराचं, थे."

घरी येताना जागेश्वरनं सायकल हातात धरून ढकलत आणली. राग कोणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. भैय्याजींवर गेला की तो परत फिरून त्याच्याच अंगावर यायचा. या कामाची त्याला फुशारकी होती. एका दिवसात करतो हे तो चार माणसांत सांगायचा. पुलीची गरज त्यानंच संपवली होती, आणि संपवल्यावर शाबासकी घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात पुली होती. आढ्याला टांगलेली, साखळीला ताजं ग्रीस, आणि ग्रीसखाली कड्याकड्यांत खापरखेड्याच्या कोळशाची करडी राख. जागेश्वरनं बोट फिरवून पाहिलं.

भैय्याजी जवळ आले. "आज अपघाताच्या तपासणीचे सरकारी साहेब येऊन राहिले. एवढंच सांग, पुली इथंच होती. मारोतनं आपल्या मनानं केलं."

"पुली पाच वर्सं इथं नवती."

"तसं सांगशील तर साहेब इचारतीन, मग तू कसा करत होता? ठोकळ्यावर. ठोकळे कुठी होते? कोनाच्या पेटीत? पाह्य बुवा," भैय्याजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "मी तुलेच वाचवून राहिलो."

जागेश्वरनं खांदा काढून घेतला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. भैय्याजींचा हात क्षणभर हवेतच राहिला.

साहेब अकराला आले. खुर्ची मांडली गेली, चहा आला. त्यांनी पुली पाहिली, मान हलवली, जागेश्वरला समोर बोलावलं.

"बोला."

"पुली पाच वर्सांपासून खापरखेड्याले होती, साहेब. काल-परवा आली. साखळीतली राख पाहा. आमी इंजिन ठोकळ्यावर ठेवून काम करत होतो, अन् भैय्याजीले माहीत होतं. त्यायनंच पत्रा लावला." पुढचं वाक्य आधीच्या वाक्यांपेक्षा जड होतं. "ठोकळे माह्या पेटीत होते. कुलूप मी लावलं. मारोतले ठोकळे भेटले असते तर त्याची बोटं गेली नसती."

साहेब लिहीत होते. भैय्याजी भिंतीला टेकून नखं पाहत होते. लिहून झालं, कागद पुढे सरकला. "सही येते?"

"येते. वाचताबी येते."

तो चौथीपर्यंत शिकला होता. एकेक शब्द जुळवत तो वाचू लागला. साहेबांचा पाय हलायला लागला. कागदावर ठोकळे होते, पेटी होती, कुलूप होतं, त्याचं पूर्ण नाव होतं. पुली नव्हती.

"पुलीचं राह्यलं."

"ते नंतर पाहू. सही करा."

"राह्यलं, साहेब."

"अहो, पुली समोर दिसते आहे. दिसते ते मी कसं नाकारू?"

जागेश्वरनं उजवा हात बाजूच्या तेलाच्या डब्यात मनगटापर्यंत घातला. काढला, आणि पंजा कागदावर दाबला. काळं तेल अक्षरांवरून पसरलं, टेबलावरून साहेबांच्या पँटीवर ठिबकलं. साहेब उठून उभे राहिले. भैय्याजी ओरडले, "साल्या, पागल झाला का बे?"

"आता हा कागद गेला," जागेश्वर म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा होता, की रस्त्यावरची माणसं थांबली आणि दाराशी येऊन आत पाहू लागली. "दुसरा घ्या. पयले पुली लिवा, मंग माहं कुलूप लिवा. दोन्ही लिवा. माहं एकट्याचं लिवाल तर मी प्रत्येक कागदावर हात ठेवीन."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. तिथे पंधरा-वीस माणसं झाली होती. त्यांनी पँट झटकली, बॅगेतून दुसरा कागद काढला आणि टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवला.

"किती वर्षं म्हणालात?"

"पाच," जागेश्वर म्हणाला, आणि त्यांच्या पेनाकडे पाहत उभा राहिला.