करंजाच्या तेलावरचा टेम्पो

त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. पाटोद्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली आणि मी गावी, सासरच्या घरात बसून राहिले. शेतात करण्यासारखं काही नव्हतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती, विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. नवरा आमच्या गाई घेऊन मोठ्या रस्त्यालगतच्या चारा छावणीत राहत होता. घरात सासू, सासरे आणि मी. दिवसातून चार वेळा झाडलेलं अंगण मी पाचव्यांदा झाडायला घ्यायची, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "बस की जरा. तुझ्या पायाला काय भिंगरी हाय का?"

सासरे गावातल्या दूध संस्थेचे सचिव होते. संस्थेचा एक जुना टेम्पो होता. रोज पहाटे तो गावातलं दूध गोळा करायचा, वाटेत छावणीतल्या लोकांचं घ्यायचा आणि नऊच्या आत पाटोद्याच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचा. टेम्पोवर एक उंच, काटकुळा ड्रायव्हर होता. पूर्वी त्यानं ट्रक चालवलेले. त्याला घाई माहीत नव्हती.

एका संध्याकाळी सासरे बैठकीहून आले आणि हातपाय न धुताच ओट्यावर बसले. मी पाणी नेऊन दिलं.

"टेम्पो बंद करायचा म्हणतेत," ते म्हणाले. "दूध निम्म्यावर आलं. डिझेल तेवढंच लागतं."

"मग दूध कसं जाईल, मामा?"

"न्हाई जायचं. पंधरा दिस हायेत. मग ज्यानं त्यानं आपलं बघावं."

दूध हाच त्या वर्षी गावाचा एकमेव धंदा उरला होता. छावणीत फुकट चारा मिळायचा, पण मीठमिरची, दवाखाना, मुलांची पुस्तकं, सगळं त्या दुधावर. त्या रात्री माझ्या डोक्यात कॉलेजच्या कपाटातली एक बाटली घुसून बसली होती. आमच्या एका सरांनी मुलांकडून करंजाच्या तेलापासून डिझेल करून घेतलं होतं. बाटलीभरच. ती सगळी काचेची भांडी मीच मांडली होती, मीच घासली होती. कसं करतात ते मला पाठ होतं.

आणि करंज होता. नाल्याच्या दोन्ही काठांनी आणि माळाच्या उतारावर, सगळं करपलेलं असताना करंज तेवढा हिरवा होता. शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. झाडांखाली वाळक्या शेंगांचा सडा पडलेला.

मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या बायकांना मात्र त्यांनी सांगितलं, "येताना घागरीसंगं करंजाच्या शेंगाबी आणा. आमची सून काय तरी करून बघती."

बायका टोपल्या भरभरून शेंगा आणायला लागल्या. त्यांनाही हाताला काम नव्हतं. संस्थेच्या खोलीसमोर बसून आम्ही मोगरीनं शेंगा ठेचायचो, बिया वेगळ्या काढायचो. पाटोद्याच्या घाण्यावर त्यांचं तेल काढून आणलं. काळपट, कडू वासाचं तेल. पेंड जनावरांपुढं जाऊ नये म्हणून सासूबाईंनी ती स्वतः लांबच्या वावरात टाकून दिली.

मेथॅनॉल मिळवायला जास्त त्रास झाला. ते विष आहे, दुकानदार असंच देत नाही. प्राचार्यांनी कॉलेजच्या नावानं पत्र दिलं आणि बजावलं, "घरात ठेवायचं नाही. कुणी स्पिरिट समजून तोंडाला लावलं तर डोळे जातील, नाहीतर जीव जाईल." मी तो कॅन संस्थेच्या खोलीत लोखंडी पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. तरी दिवसातून तीनदा जाऊन कुलूप ओढून बघायची.

पहिल्या खेपेला तेल तापवलं, मेथॅनॉलात कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात घातला, घोटलं. थर वेगळे व्हायची वाट बघत बसले. थर झालेच नाहीत. सगळ्या पातेल्याचा तपकिरी लगदा झाला. साबण. सासूबाईंनी त्यातला गोळा उचलून एक तवा घासून बघितला आणि म्हणाल्या, "भांडी मातर बरी निघत्यात."

चूक माझी होती. पडून राहिलेल्या बियांचं तेल आंबट असतं. ते किती आंबट आहे हे आधी तपासायचं असतं, तरच सोडा किती घालायचा ते कळतं. मला ते माहीत होतं. पण तपासायचं तर कॉलेजला जाऊन काचेची नळी आणावी लागणार, त्यात एक दिवस जाणार, म्हणून मी अंदाजानं घातलं होतं. आता तो दिवस घालवावाच लागला. दुसऱ्या खेपेला तेल आधी तापवून त्यातलं पाणी उडवलं, थेंब मोजून तपासलं, आणि सकाळी बघते तर पातेल्याच्या तळाला काकवीसारखा काळा थर आणि वर चहाच्या रंगाचं पातळ तेल. मी सासऱ्यांना हाक मारून दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

पण ते वरचं तेल तसंच वापरता येत नाही. त्यात साबण असतो, तो धुवून काढावा लागतो. पाण्यानं. एकदा नाही, तीनतीनदा. जेवढं तेल तेवढं पाणी.

टँकर दिवसाआड यायचा. घरटी दोन पिंपं. ती भरताना गावात दर वेळी कुणाचं ना कुणाचं भांडण व्हायचं. मी बघितलं, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. पिंपातून कळशी भरून घेतली आणि तेलात ओतली. पाणी वरून शिंपडायचं असतं, अगदी हळू, ढवळायचं नसतं. माझ्याच्यानं ते झालं नाही. मी रवी घेतली आणि घुसळलं. तेल आणि पाणी मिळून दह्यासारखं घट्ट, पांढरट झालं. ते फुटेना. मी आणखी पाणी ओतलं. मग आणखी.

सासूबाई आल्या, पिंपात डोकावल्या.

"पिंप अर्धं कावून?"

"तेल धुतलं."

त्यांनी पातेल्यात बघितलं. "दोन दिस झालं, मी डोईवरून पाणी घेतलं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि चुलीपाशी गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस संपत आले होते. मी घरातून संस्थेकडं, संस्थेकडून नाल्याकडं येरझाऱ्या घालत होते. त्या पातेल्यातलं वाया गेलं, पण खोलीत आणखी वीस लिटर तेल तयार होतं, फक्त धुतलेलं नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, "हे इंजनात चालंल ना?"

"चालेल," मी म्हणाले. चालणार नाही हे मला माहीत होतं असं नाही. पण चालेल हेही माहीत नव्हतं. दोन दिवस शांत बसून विचार केला असता तर कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रायव्हरनं टाकीत अर्धं डिझेल, अर्धं माझं तेल ओतलं. मला घरी थांबवेना म्हणून मी त्याच्याशेजारी केबिनमध्ये बसले. गावातलं दूध घेतलं, छावणीतलं घेतलं. नवऱ्यानं छावणीच्या फाटकातून हात केला. टेम्पोच्या धुराला तळणीसारखा वास येत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. छावणी सोडून तीनचार किलोमीटर गेलो असू. इंजिन अडखळलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

ड्रायव्हर उतरला. फिल्टर खोलून त्यानं बोटानं आतलं बुळबुळीत काढलं, बोटांत चोळलं आणि मला दाखवलं. "बाई, ह्यात साबण हाय."

नवा फिल्टर त्याच्याजवळ नव्हता. एका मोटारसायकलवाल्याला थांबवून तो त्याच्यामागं बसून पाटोद्याला गेला. मी दुधाच्या कॅनांजवळ थांबले. सावली नव्हती. ऊन चढत गेलं तसं मी पदर ओला करून कॅनांवर टाकायला बघत होते, पण पिण्याच्या बाटलीतलं पाणी कितीसं असणार. तो फिल्टर आणि डिझेल घेऊन परत आला, फिल्टर बदलला, टाकी रिकामी करून नुसतं डिझेल घातलं. केंद्रावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथल्या माणसानं पहिल्या कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला आणि बंद केलं. बाकीचे त्यानं उघडलेही नाहीत.

परत येताना मी एकदा म्हणाले, "माझ्यामुळं झालं." ड्रायव्हर म्हणाला, "व्हय," आणि गिअर बदलला.

त्या संध्याकाळी संस्थेसमोर सगळे जमले. सासरे उठून बोलायला लागले, "माझ्याकडून चूक झाली." तेव्हा मी मध्येच उभी राहिले. सुनेनं असं सासऱ्यांच्या पुढं बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. "तेल धुतलं नव्हतं," मी म्हणाले. "धुवायला पाणी नव्हतं आणि थांबायला मला धीर नव्हता. मामांना मी खोटं सांगितलं."

संस्थेचे चेअरमन खाली बघत होते. मग पाठीमागून एक म्हातारी बोलली. तिची एकच म्हैस होती, तिचंही दूध त्या दिवशी वाया गेलं होतं.

"पाण्याबिगर न्हाई का धुता येत? आमी टँकर आल्यापसून भांडी पाण्यानं कुठं धुतोत? राखनं घासतोत, भुश्शानं पुसतोत."

राख चालणार नव्हती. राखेनं उलट साबण वाढला असता. पण भुसा माझ्या डोक्यात राहिला. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या त्या सरांना फोन केला. ते म्हणाले, लाकडाच्या भुशातून गाळलं तर साबण भुशात अडकू शकतो, पण सावकाश गाळायला पाहिजे.

सुताराकडून पोतंभर भुसा आणला, कडक उन्हात वाळवला. तळाला भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात तो दाबून भरला, खाली फडकं बांधलं आणि वरून तेल ओतलं. पहिला थेंब खाली यायला चांगला पाऊण तास लागला. मग थेंब, थेंब. घाई करायला जागाच नव्हती. डबा हलवला तर भुसा बसायचा आणि धार थांबायची. तेही मी एकदा करून बघितलं. तेव्हा सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या, माझ्या हातात तांदूळ घातलेलं सूप दिलं आणि म्हणाल्या, "हे निवड. डब्याकडं बघू नगं."

दोन दिवसांनी मी बाटलीत थोडं तेल आणि थोडं पाणी घालून हलवलं. क्षणात दोन्ही वेगळी झाली, पाणी स्वच्छ, म्हणजे साबण उरला नव्हता. सबंध खेपेला पेलाभर पाणी लागलं होतं.

चेअरमननी आणखी आठ दिवसांची मुदत दिली. ड्रायव्हरनं एकच अट घातली. "पैल्या खेपंला तुमी बी चला. आन् फिल्टर दोन घ्या." मी गेले. छावणी गेली, गेल्या वेळी बंद पडलो ती जागा गेली. मी सगळा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत होते. पाटोद्याची पहिली घरं दिसली तेव्हा ड्रायव्हरनं खिशातून तंबाखू काढली. केंद्रावर आठ वाजता पोचलो. त्या माणसानं एकेक कॅन उघडून घेतला.

जनावरं छावणीतून परत येईपर्यंत टेम्पो तसाच चालला, अर्धं डिझेल, अर्धं करंज. रस्त्यावरचे लोक वासावरून ओळखायचे. कॉलेज सुरू झाल्यावर मी सकाळचे तास करून दुपारी तेल करायची. मग शेंगा संपल्या, शेतं हिरवी झाली आणि बायकांना शेंगा ठेचायला वेळ राहिला नाही. पुढच्या वर्षी एका मोठ्या डेअरीची गाडी गावात दारोदार येऊ लागली. सभासद एकेक करून तिकडं गेले. सासऱ्यांनी कुणाला अडवलं नाही, पण संस्थेची खोली ते रोज सकाळी उघडायचे आणि पेपर वाचून बंद करायचे.

शेवटी टेम्पो उमापूरच्या एका भाजीवाल्यानं घेतला आणि ड्रायव्हरही त्याच्याकडं लागला. एकदा त्याचा फोन आला. मी विचारलं, गाडी कशी आहे.

"हाय बरी," तो म्हणाला. "नुसत्या डिझेलवर लई खडखड करती."