आशिषची अर्धवट स्वाहिली

माझ्या भावजयीचा, रूथचा फोन आला तेव्हा मी शारजाहून अबुधाबीला जाणाऱ्या बसमध्ये होते. मांडीवर मऊ भाताचा डबा होता. डॉक्टरांनी हो म्हटलं तर आशिषला दोन घास भरवून बघू, असं आदल्या संध्याकाळी आमचं ठरलं होतं. "ताई, कुठवर आलात?" तिने विचारलं. मी म्हटलं, दुबई मागे पडली. "सावकाश या," ती म्हणाली, "आता घाई नाही." रूथ नर्स आहे. अशी बातमी तिने आजवर किती जणांना दिली असेल. स्वतःच्या मुलाची बातमी तिने त्याच आवाजात दिली. शेजारच्या फिलिपिनो बाईने माझ्या हातातून डबा हळूच काढून घेतला आणि अबुधाबी येईपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला.

आशिष माझ्या धाकट्या भावाचा, सुधाकरचा एकुलता एक मुलगा. वय एकोणीस. जन्म अबुधाबीतला. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. आत्या, मम्मा आणि डॅड या तीन हाका सोडल्या तर घरात त्याचं बाकी सगळं 'व्हॉटेव्हर' आणि 'यल्ला, लेट्स गो'. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. सुधाकर इथल्या मराठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील आहे, कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. उपासनेला पेटी वाजवतो, नव्याने आलेल्या पोरांना खोल्या शोधून देतो. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं, गावातल्या विहिरीचं पाणी बंद झालं होतं. ही गोष्ट सुधाकर मंडळीत मोठ्या अभिमानाने सांगायचा.

शाळेत आशिषचा एक मित्र होता, मॉर्मन पंथाच्या घरातला. हा पंथ अमेरिकेतला, येशूला मानणारा, पण आमच्या मंडळ्या त्याला ख्रिस्ती धरत नाहीत. त्यांच्याकडे जेवायला जाता जाता हा त्यांच्या उपासनेलाही जाऊ लागला आणि अठरा पूर्ण झाल्यावर म्हणाला, मी या लोकांत बाप्तिस्मा घेणार. सुधाकरने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. "आम्ही तुला येशू दिला नव्हता का?" एवढं एकच वाक्य तो बोलला. आशिष म्हणाला, "यू डिड, डॅड. दॅट्स व्हाय." बाप्तिस्म्याच्या दिवशी सुधाकर गाडीचा जुना पार्ट शोधायला दुबईतल्या रास अल खोरच्या बाजारात गेला आणि दिवस मावळल्यावर हात हलवत परत आला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं पाणी, गाडीची चावी आणि एसी यांच्यापुरतं उरलं. मी एकदा पणजोबांची आठवण करून दिली. "ती गोष्ट वेगळी," असं म्हणून तो उठून गेला.

पुढे आशिषने मिशनरी म्हणून जायचं ठरवलं. त्यांच्यात तरुण मुलं दोन वर्षं घर, शिक्षण सगळं सोडून जातात, कुठे जायचं ते वरून ठरतं. याच्या वाट्याला केनिया आला. प्रशिक्षणाचे पहिले दिवस घरीच, लॅपटॉपसमोर. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे राहायला होते. सकाळी दार ढकललं तर पोरगा पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी लावून ताठ बसलेला, आणि टेबलाखाली फुटबॉलची चड्डी! पट्टीवर 'एल्डर' आणि पुढे आडनाव. मिसरूड नीट न फुटलेल्या पोराला एल्डर म्हणजे वडील म्हणायचं, मला हसू आवरेना. "आत्या, प्लीज, कॅमेरा ऑन आहे," तो तोंड न हलवता पुटपुटला.

गाणी बंद, सिनेमे बंद, मित्रांशी गप्पा बंद. शिकवणारी बाई पहिल्या दिवसापासून स्वाहिलीशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. दोन-तीन दिवसांत त्याच भाषेत प्रार्थना करायला लावली. आशिषला जेमतेम शंभरेक शब्द येत असतील. जेवणाबद्दल आभार, घराबद्दल आभार, आईबद्दल आभार, की संपले शब्द. तो अडखळायचा, कान लाल व्हायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर सुधाकर आवाज बंद करून क्रिकेटची मॅच बघायचा. मी विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय.

विमानतळावर सुधाकरनेच गाडी नेली, बॅगा उतरवल्या, ट्रॉली लावली. रूथने पोराला मिठी मारली, मी मारली. सुधाकर म्हणाला, "पासपोर्ट बघ." आशिषने खिसा चाचपून दाखवला आणि तो आत गेला.

पुढचं प्रशिक्षण अमेरिकेतल्या एका केंद्रात होतं. आठवड्यातून एकदा घरी व्हिडिओ कॉल. तेव्हा सुधाकर हॉलमध्येच, पण कॅमेऱ्यात येणार नाही अशा खुर्चीत बसायचा. आशिषचं तिथे सोपं नव्हतं. नियमाप्रमाणे एक जोडीदार सतत बरोबर असायचा, म्हणून रडायचं तर बाथरूममध्ये, नळ सोडून. हे त्याने मला लिहिलं होतं, मम्माला सांगू नकोस असंही. थकवा येतो, जिने चढताना धाप लागते, बाकीचे पळतात आणि मी मागे राहतो, असंही लिहिलं होतं. त्याला वाटायचं, आपलाच विश्वास कमी पडतोय.

तिसऱ्या की चौथ्या कॉलला रूथ अचानक म्हणाली, "आशू, तोंड उघड. हिरड्या दाखव." तो हसला. "मम्मा, इट्स जस्ट द ब्रश." "बाही वर कर." दंडावर काळेनिळे डाग होते. रूथने फोन टेबलावर ठेवला, तशी सुधाकर खुर्चीतून उठला आणि त्या सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आला. "आजच्या आज रक्त तपासून घे," तो म्हणाला. आशिष बापाकडे बघतच राहिला. "ओके, डॅड."

रक्ताचा कर्करोग, झपाट्याने वाढणारा. केंद्रातल्या लोकांनी त्याला ताबडतोब घरी पाठवलं, सोबत माणूस दिला. अबुधाबीच्या हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. केस गेले, जिभेवर फोड आले, उभा राहिला की पाय लटपटायचे. एका दुपारी मला म्हणाला, "आत्या, आय ओन्ली डिड द ट्रेनिंग. एकालाही भेटलो नाही. मग मी मिशनरी झालो की नाही?" एवढं मोठं मराठी वाक्य मी त्याच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. मी म्हटलं, बरा हो, मग जा परत. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्या वॉर्डात ग्रेस नावाची केनियाची सिस्टर होती. त्याचा अभ्यास पुन्हा सुरू झाला तो तिच्यामुळे. ती सुई लावायची आणि चुका काढायची. "दोन वर्षांचं बाळ बोलतं तशी तुझी स्वाहिली आहे," म्हणायची. त्यावर तो खुदकन हसायचा. एकदा ती म्हणाली, दुखतं हे कसं म्हणायचं ते शिकवते, तुला लागेल. तर हा म्हणाला, नको, आमचा तो धडा अजून आलेला नाही.

सुधाकर रोज ड्यूटीनंतर यायचा. पायांवर पांघरूण सारखं करायचा, पाण्याची बाटली भरायचा, खुर्ची दाराजवळ ओढून बसायचा. बोलणं तेवढंच. मग उपचारांत जंतुसंसर्ग झाला आणि ताप उतरेना.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघंही खोलीत होतो. ग्रेस सलाइन बदलत होती. आशिषचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मग स्पष्ट ऐकू आलं, "बाबा..." थोडं थांबून पुन्हा, "बाबा..." सुधाकर दाराजवळून इतक्या वेगाने उठला की खुर्ची पडली. "ओ! ओ, आशू, इथेच आहे रे मी." त्याने पोराचा हात दोन्ही हातांत धरला. आशिष बोलत राहिला, तुटक तुटक, सगळं स्वाहिलीत. दर दोन-तीन शब्दांनी पुन्हा "बाबा" आणि दर वेळी सुधाकर म्हणत होता, "ओ." ग्रेस हातातली नळी धरून तशीच उभी राहिली होती. नंतर बाहेर मला म्हणाली, तो प्रार्थना करत होता. आमच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात, आणि आकाशातल्या बापालाही. जेवणाबद्दल आभार मानत होता, पाण्याबद्दल, आईबद्दल. मागितलं काहीच नाही.

हे सुधाकरला सांगायचं नाही, असं मी आणि ग्रेसने तिथेच ठरवलं.

दफन इथेच झालं. पांढरा शर्ट, टाय आणि ती पट्टी सुधाकरनेच इस्त्रीच्या कपड्यांतून काढून आणली. मंडळीतल्या एक-दोघांनी पट्टीकडे बोट दाखवून कुजबूज केली. त्याने वळून फक्त बघितलं. "पहिली प्रार्थना त्याच्या लोकांनी करायची," त्याने आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितलं. मग मराठी गीत झालं. उन्हात उभं राहवत नव्हतं. वाळू कोरडी, खड्ड्याच्या कडा सारख्या ढासळत होत्या.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले होते. आशिषच्या खोलीत आम्ही बहीणभाऊ त्याचे कपडे लावत होतो, कुणाला तरी द्यायचे म्हणून. खरं तर घड्या घालायच्या, मोडायच्या, पुन्हा घालायच्या, असंच चाललं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "शेवटी शेवटी तुझाच हात धरून होता रे. तुलाच हाक मारत होता."

सुधाकरने हातातला टी-शर्ट खाली ठेवला.

"मला नाही, ताई," तो म्हणाला. "जन्मात कधी बाबा म्हणाला का तो मला? डॅडच म्हणायचा. हॉलमध्ये बसून सगळे धडे ऐकलेत मी त्याचे. कुणाला हाक मारतोय ते पहिल्या हाकेलाच कळलं होतं मला."

मी त्याने ठेवलेला टी-शर्ट उचलून घडी घालायला घेतली.

"पण तिकडून कुणी ओ देत नव्हतं..." तो म्हणाला. "मग मी दिली."