लोखंड बाहेर

देवीदास गजभियेचा राग सगळ्या अधारताल वस्तीला ठाऊक होता. दूधवाल्यानं सायकल फाटकाला टेकवली, तरी हा माणूस बनियनवरच बाहेर येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण त्या रविवारी सकाळी, एकुलत्या एका मुलीनं लॅपटॉप उघडला तेव्हा तो जसा भडकला, तसा त्याला त्याची बायको मालनबाई हिनंही कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी विनता पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तलवारी, जादूटोणा, राक्षस असला तो गेम. त्यातलं शेवटचं भुयार, जिथं सगळ्यांत मोठा राक्षस बसलेला असतो, ते तिनं दोन वर्षं खपून एकटीनं रचलं होतं. शुक्रवारी गेम बाजारात येणार होता. त्याआधी घरच्यांना दाखवावा म्हणून ती मुद्दाम आली होती.

पडद्यावर नायक भुयाराच्या दाराशी पोचला. दारात जमिनीवर लाल पट्टा. पट्ट्याच्या अलीकडे तलवार, ढाल, चिलखत सगळं काढून ठेवायचं, जोडे उतरवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. आत तीन बाजूंनी मातीच्या जाड भिंती आणि वर नावालाच छप्पर. अंधारातून कोणीतरी गुरकावलं, "लोखंड बाहेर!"

देवीदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खमरियाच्या कारखान्यात त्यानं बत्तीस वर्षं तोफगोळ्यांत दारू भरली होती. तिथंही दाराशी असाच लाल पट्टा होता. किल्ली, बक्कल, खिळ्यांचे जोडे, सगळं अलीकडे ठेवावं लागे, कारण ठिणगी पडायला एक खिळा पुरतो. तिथल्या भिंतीही अशाच जाड आणि छप्पर असंच हलकं, स्फोट झालाच तर वरच्या वर निघून जावा म्हणून. बत्तीस वर्षांत त्याच्या हातून ठिणगी उडाली नाही आणि आत काय चालतं याबद्दल तोंडातून ब्र निघाला नाही. त्याला अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा.

"कोनं सांगितलं तुले हे?" तो गरजला. "मी जन्मभर तोंड शिवून बसलो, अन् तू माह्या कारखान्याचा नकाशा बाजारात मांडून राहिली? काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढलं तर गेमले शेवटच राहत नाही, बाबा. माही दोन वर्षं जातात."

"जाऊ दे! नाही तर मी स्वतः जाऊन मोठ्या साहेबाले सांगतो, माह्या पोरीनं चोरी केली म्हणून. मग या घरात पाय ठेवायचा नाही!"

"अहो, पोरगी सालाभरानं आली..." मालनबाई म्हणाली.

"तू चूप!"

विनताला बापाचाच राग मिळाला होता, फक्त तो पेटायला वेळ लागायचा. तिनं लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. "हे पाहा. तलवारी कशात टाकते तो?"

देवीदासनं चष्मा लावला. वरचं झाकण कापून कडा ठोकून बसवलेला, तेलाचा चौकोनी पिपा होता.

"कारखान्यात तेलाचा पिपा होता का?"

नव्हता. कारखान्यात नंबर टाकलेले लाकडी खण होते.

"मी तुमचा कारखाना पाह्यलाच नाही, बाबा. हे आपलं घर हाये, खमरियाचं क्वार्टर. त्याच्याच जाड भिंती, तेच कौलाचं छप्पर."

खमरियाच्या क्वार्टरच्या उंबऱ्याशी लाल पट्टा देवीदासनंच ओढला होता, नोकरी लागली त्याच वर्षी. येणारा-जाणारा हसायचा. हेअरपिना, किल्ल्या, कंपासपेटी सगळं पिप्यात टाकायचं, मग आत. पोरीनं भूमितीचा अभ्यास पायरीवर बसून केला. घरात काही दारूगोळा नव्हता, तांदूळ होते आणि एक पोरगी होती, पण हे त्याला सांगणार कोण? अकराव्या वर्षी ती कबड्डीचं पदक घेऊन धावत आली, तर हा दारात उभा. लोखंड बाहेर! पदक पिप्यात गेलं ते तिथंच राहिलं, त्यावर काय लिहिलंय तेही त्यानं वाचलं नाही. पुढे अधारतालला घर झालं, तर टेंपोतून सगळ्यांत आधी तो पिपा उतरला आणि त्याच संध्याकाळी पट्टाही रंगवून झाला.

"अच्छा! म्हणजे तो राक्षस मी," देवीदास म्हणाला. आवाज खाली आला होता, राग नाही. "मारतात कसं त्याले?"

"मारता येत नाही. पिप्यातलं आपलं आपण उचलायचं अन् निघून जायचं. मंग गेम संपते."

देवीदास ताडकन उठून दाराबाहेरच्या ओट्यावर गेला. खळ्ळकन पिपा उपडा झाल्याचा आवाज आला. कुलपं, खिळे, गंजलेल्या पिना फरशीभर पसरल्या. विनता बाहेर आली तेव्हा तो गुडघ्यावर बसून चाचपत होता. शेवटी त्यानं एक काळं पडलेलं पदक वर धरलं. त्याची फीत कधीच कुजून गेली होती.

"घे. तुहं राहिलं होतं."

"पंधरा वर्षं काहून नाही देल्लं?" विनता किंचाळली. शेजारची दारं उघडली. "सांगा न! पंधरा वर्षं काहून नाही देल्लं?"

देवीदासनं पदक तिच्या हातावर ठेवलं आणि तो सांडलेल्या पिना गोळा करू लागला.

तिनं पदक खिशात कोंबलं, पायरीवरच्या चपला पायांत सरकवल्या आणि तशीच लाल पट्टा ओलांडून घरात गेली. सवयीनं देवीदासचं तोंड उघडलं.

"लो..." म्हणून तो थांबला.

मालनबाई दारातून बघत होती.

"राहू दे ते भुयार," तो खेकसला. "पण चपला तरी काढ!"

विनतानं काढल्या नाहीत.