मुखवटेवाल्याची बाजू

ताडपत्रीचा उबट वास आला की कुणकेश्वरच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवतो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. वाचनालयातल्या एका स्वस्त रहस्यकथेवरून काढलेला, मुखवटेवाल्या वीराचा सिनेमा मी तिथे वडिलांबरोबर पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात मला पाहायला पाहुणे आले. पोहे खाता खाता मुलाच्या काकांनी विचारलं, “काय वाचतंस गो?” मी रहस्यकथांचं सांगितलं, सिनेमाचंही. ते हसले. “चांगल्या घरातली चेडवां असला फालतू बघतत?” माझी कानशिलं तापली. “फालतू नाय तो,” मी म्हटलं. “पुस्तकात ती बाई सारखी बेशुद्ध पडता. सिनेमात तीच होडी वल्हवत जाता आणि बुडणाऱ्या मुखवटेवाल्याक वर काढता. पुस्तकापेक्षा सिनेमा बरो!” काकांनी बशी खाली ठेवून वडिलांकडे पाहिलं. वडील शांतपणे म्हणाले, “चेडवान बरोबर सांगल्यान. मी पण बघलंय.” स्थळ मोडलं, गावात बरेच दिवस माझी टवाळी झाली. त्याचं वाईट मला तेव्हा वाटलं नाही, आता ऐंशी ओलांडल्यावरही वाटत नाही. सिनेमा चांगलाच होता.