गाडीच्या फोटोत माणूस नको

सूर्याशी उघड वैर धरून पुण्यात सुखाने राहिलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो म्हणजे धायरीतले माझे घरमालक. ऊन त्यांना सोसत नव्हतं असं नाही. भर दुपारी छत्रीशिवाय भाजी आणायला ते खुशाल जात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ऊन माणसांना ठीक आहे, गाड्यांना नाही. "उन्हातली गाडी आंघोळीहून निघालेल्या माणसासारखी दिसते," ते म्हणत. "सगळं दिसतं, पण बघावंसं काही नसतं." गाडीचं रूप दिवेलागणीनंतरच उमलतं, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्यांचे रात्रीचे फोटो काढण्याला वाहून टाकलं होतं. तेही फुकट. धायरीत आमच्या भागात कुणाकडे नवी गाडी आली की आधी तिची पूजा होई, मग पेढे वाटले जात, आणि पेढ्याचा कागद चुरगळायच्या आत आमचे हे घरमालक काका ट्रायपॉड घेऊन दारात उभे असत.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांची सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली, आणि तीही अपघाताच्या दाव्यांच्या टेबलावर. चेपलेली दारं, फुटलेल्या काचा, चाकं वर केलेले टेम्पो, असे फोटो रोज त्यांच्यापुढे येत आणि सगळे रखरखीत उन्हात काढलेले असत. "धडधाकट गाडी माझ्या टेबलावर कधी आलीच नाही हो," ते म्हणाले. "डॉक्टरला निदान बरी झालेली माणसं तरी भेटतात." म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी एक चांगला कॅमेरा घेतला आणि शहरातल्या धडधाकट गाड्यांच्या मागे लागले.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी लागली होती, पण पुण्यात खोली मिळेना. कुणाला लग्न झालेलाच भाडेकरू हवा असे, कुणाला मी काय खातो हे आधी कळायला हवं असे. काकांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी माझ्या हातात एक लांब टॉर्च दिली आणि म्हणाले, "हात पुढे करून धरा. हं. थरथरत नाही. कधी येताय राहायला?" काका-काकूंनी मला वरची खोली दिली, आजारपणात मऊ भात दिला, आणि पुणेरी मराठीत लागणारे टोमणे हसून घ्यायला शिकवलं. त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. बदल्यात मी टॉर्च धरत असे.

रात्रीचा फोटो रात्री काढायचा नसतो, हा मला मिळालेला पहिला धडा. सूर्य बुडाल्यावर आकाश दौतीतल्या शाईसारखं निळं होतं, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि अंधार अजून पुरता उतरलेला नसतो, तेवढाच काय तो मुहूर्त. त्यानंतर आकाश काळं पडतं आणि काळी गाडी त्यात बुडून जाते. या मुहूर्तापुढे काकांना जगातलं दुसरं काहीही दिसत नसे. ते सोसायटीचे अध्यक्ष होते. पाण्याच्या टँकरवरून एकदा सभेत हमरीतुमरी चालू असताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, "आकाश तयार झालं," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना वाटलं की काकांनी आपल्या निषेधार्थ सभात्याग केला. दोघेही वरमले आणि टँकरचा प्रश्न त्याच दिवशी सुटला.

दुसरा धडा मागच्या बाजूचा. गाडी बघायच्या आधी गाडीच्या मागे काय आहे ते बघा, असा त्यांचा दंडक होता. टपातून विजेचा खांब उगवलेला दिसता कामा नये, आरशाशेजारी कचऱ्याचा डबा नको, दोरीवरचे कपडे तर नकोच. म्हणून जागा ठरली की काका आधी वाकून तिथल्या पिशव्या, कागद, नारळाच्या करवंट्या वेचायला लागत. एकदा समोरच्या बंगल्यातल्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, एवढं करताय तर आमचा ओला कचरा पण घेऊन जा." काकांनी तो घेतलाही. फ्रेममध्ये येत होता ना!

पुढचा धडा उंचीचा. उभ्याने काढलेल्या फोटोत गाडी बिचारी दिसते, म्हणून कॅमेरा दिव्यांच्या उंचीवर आणायचा, जमलं तर त्याहून खाली. या वयात गुडघे वाकत नसल्यामुळे काका सरळ रस्त्यावर पालथे पडत. एका संध्याकाळी एक रिक्षावाला कचकन ब्रेक दाबून थांबला आणि धावत आला. "काका, लागलं का? उठवू का?"

"लागलं नाही, जमलंय," काका जमिनीवरूनच म्हणाले. "तुमचा हेडलाइट तेवढा बंद करा."

पण त्यांचं खरं तत्त्वज्ञान उजेडाबद्दलचं होतं. नवशिका माणूस टॉर्च थेट गाडीवर मारतो आणि मग फोटोत गाडीऐवजी टॉर्चच दिसते. "गाडी म्हणजे आरसा," काका समजावून सांगत. "आरशावर उजेड टाकत नाहीत. आरशापुढे काहीतरी चांगलं धरतात." हे चांगलं काहीतरी म्हणजे काकूंची पांढरी चादर. ती गाडीपासून चार हात दूर ताणून धरायची, उजेड चादरीवर टाकायचा, आणि चादरीवरून परतलेला मऊ उजेड दारांवर सायीसारखा पसरू द्यायचा. एकदा घाईघाईत मी भलतीच चादर उचलून आणली. तिला फुलं होती. फोटोत त्या काळ्याभोर गाडीच्या दारावर अंधुक मोगरा फुललेला दिसला. काकांनी कपाळाला हात लावला, पण गाडीच्या मालकाने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि पुढे कित्येक दिवस लोक त्याला हे स्टिकर कुठून आणलं म्हणून विचारत होते.

काकू या सगळ्याकडे शांतपणे पाहत. रस्ता ओला असला की त्यात दिव्यांची प्रतिबिंबं पडतात, म्हणून काका बादलीभर पाणी मागत, आणि धायरीत पाणी म्हणजे काय चीज आहे हे ठाऊक असल्यामुळे काकू त्यांना तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणीच देत. "जा, भिजवा तुमचा रस्ता," त्या म्हणत. "कोथिंबिरीची काडी दिसली फोटोत, तर मला सांगायला येऊ नका."

या सगळ्या नियमांहून कडक एक नियम होता. गाडीच्या फोटोत माणूस नको. हार नको, लिंबू-मिरची नको, बॉनेटवर कोपर टेकलेला जावई तर मुळीच नको. "माणूस आला की गाडीचं फर्निचर होतं," काका म्हणत. लोक कुरकुरत, पण ऐकत.

मग मी गाडी घेतली. वापरलेलीच, लहानशी, निळी. पण आमच्या सगळ्या भावकीत चार चाकांची ती पहिली. ती बघायला आई आणि आबा गावाहून आले. आबा तहसील कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, आई गावातल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी. तिला एकाच दिवसाची सुट्टी होती, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत निघायचं होतं. आईच्या मनात एकच गोष्ट होती. आमचा तिघांचा मिळून एकही फोटो नव्हता. माझ्या पदवीच्या फोटोत मी एकटाच काळा झगा घालून उभा आहे, कारण त्या दिवशी आबांना रजा मिळाली नव्हती आणि आई एकटी शहरात यायला घाबरली होती. आता गाडी होती आणि खाली फोटो काढणारे काका राहत होते; आई त्यांना भाऊ म्हणे. आईने घडीची हिरवी साडी नेसली, गाडीला झेंडूचा हार घातला आणि काकांपुढे जाऊन उभी राहिली.

काका संकटात पडले. हार पाहून त्यांचा चेहरा आधीच उतरला होता. "वहिनी, गाडीचा फार सुंदर काढतो. फक्त गाडीचा. माणसं वेगळी काढू, घरात, बसून."

"आवो भाऊ, नुसत्या गाडीचा काढून काय करू?" आई म्हणाली. "गावात लोक म्हणतील, रस्त्यावरच्या कुणाच्या बी गाडीचा काढून आणलाय. आमची हाय, हे कसं कळायचं?"

काका एकदम थांबले. आत कुठेतरी विम्याची कचेरी जागी झाली असावी. "मालकीचा पुरावा," ते हळूच म्हणाले. "हे मात्र बरोबर आहे. आम्ही दावेच फेटाळायचो त्याशिवाय." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माणसं फ्रेममध्ये घ्यायचं कबूल केलं. हारासकट.

अडचण एकच होती. रात्रीच्या फोटोला शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. वीसेक सेकंद, म्हणजे आरतीचं एखादं कडवं होईल एवढा वेळ. तेवढ्यात काका बटर पेपर गुंडाळलेली टॉर्च घेऊन गाडीच्या कडेकडेने चालत जाणार होते. जो सतत चालतो तो फोटोत उमटत नाही, आणि जो उभा राहतो त्याने दगडासारखं उभं राहायचं. "श्वास घ्या," काकांनी बजावलं, "पण मनातल्या मनात." काकूंनी चादर ताणली. आकाश तयार झालं होतं. शटर उघडलं.

फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर आला तेव्हा आम्ही सगळे त्यावर वाकलो. गाडी अशी दिसत होती की मला तिचा हप्ता परवडतो यावर माझाच विश्वास बसेना. मी थोडा डुललो होतो, मला दोन नाकं आली होती. आबा मात्र एखाद्या पुतळ्यासारखे, टोपीच्या इस्त्रीसकट स्पष्ट होते. आणि आई नव्हती. माझ्यापासून आबांपर्यंत एक हिरवट धूर पसरला होता, एवढंच.

"मी कुठाय?" आईने विचारलं.

"वहिनी, तुम्ही हललात का?"

"ह्यांची टोपी वाकडी हुती की. नीट करून आले."

दुसरा काढेपर्यंत आकाश काळं झालं. काकांनी दोनदा प्रयत्न केला, मग नुसतीच मान हलवली. आई "असू द्या, भाऊ" म्हणाली आणि हसली, पण पदराशी चाळा करत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. काका पडद्याकडेच बघत होते. विषय बदलावा म्हणून की खरोखरच नवल वाटून, कोण जाणे, त्यांनी आबांना विचारलं, "अहो, पण तुम्ही इतके स्थिर कसे राहिलात? मोठमोठ्या माणसांना जमत नाही हे."

"त्यात काय?" आबा साधेपणाने म्हणाले. "साहेब आत बोलवस्तवर दाराशी उभंच ऱ्हायचं असायचं. उभी हयात त्येच केलं. सवय हाय."

काकांनी ट्रायपॉडचे पाय एकेक करून मिटले आणि आत गेले.

सकाळी दोघांना स्टँडवर सोडायचं म्हणून आम्ही पिशव्या डिकीत ठेवत होतो. ऊन चांगलंच चढलं होतं, काकांच्या भाषेत आंघोळीचं ऊन. तेवढ्यात दारातून काका बाहेर आले, डोक्यावर उन्हाची गोल टोपी आणि गळ्यात कॅमेरा. तो कॅमेरा उन्हात आलेला मी तोवर कधीच पाहिला नव्हता. समोरच्या गच्चीवरच्या बाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या. "उभे राहा," काका मला म्हणाले, "आणि माझ्याकडे असं बघू नका."

त्यांनी आईला मधोमध उभं केलं. आबा सवयीने दोन्ही हात बाजूला सोडून, हनुवटी वर करून ताठ उभे राहिले.

"नाही, नाही," काका म्हणाले. "अहो, उन्हात शटर डोळ्याच्या पापणीहून लवकर मिटतं. आता हवं तेवढं हला. साहेब-बिहेब कुणी नाही इथं."

आबांना काय करावं ते कळेना. त्यांनी आधी एक हात थोडा हलवून पाहिला. मग दुसरा. मग परवानगी घेतल्यासारखं आईकडे पाहिलं. "आवो, हला की, सांगतेत तर!" आई म्हणाली आणि तिने त्यांची टोपी मुद्दामच वाकडी केली. आबा मोठ्याने हसले.

तो फोटो आता गावच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. काकांचा एकही नियम त्यात पाळलेला नाही. टपातून खांब उगवला आहे, मागे दोरीवर कपडे आहेत, हार सुकलेला आहे, आणि आम्ही तिघे गाडीपुढे असे पसरून उभे आहोत की गाडी कोणत्या रंगाची ते सांगावं लागतं. ऊन काकांच्या पाठीवर असल्यामुळे आमच्या पायाशी एका गोल टोपीवाल्या माणसाची सावलीही पडली आहे. मी हडपसरला राहायला आल्यापासून काकांचा अधूनमधून फोन येतो. गुडघ्यांनी आता दगाच दिलाय, रस्त्यावर झोपता येत नाही म्हणून संध्याकाळी गॅलरीतूनच येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतो, म्हणतात. फोन ठेवण्याआधी न चुकता विचारतात, "भिंतीवरचा तो फोटो तेवढा बदलून घ्या हो. सावली फार लागतेय डोळ्याला. कॉम्प्युटरवर काढून टाकतो."

मी हो म्हणतो. आईला एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली, "काढायची कशाला? घरातली माणसं हायेत तेवढी ऱ्हाऊ दे."