दगडावरून गेलेला पाइप

मिनेसोटात आमच्या घरामागे एक काचेची खोली आहे. ती मी बायकोच्या कढीपत्त्यासाठी बांधली. इथल्या हिवाळ्यात हे झाड बाहेर तग धरत नाही, आणि आमच्या ईडन प्रेरी गावातल्या मराठी घरांत फोडणी तर रोजच होते. त्यामुळे आमच्याकडे येणारे निम्मे लोक आम्हाला भेटायला येत नाहीत, कढीपत्त्याला येतात. खोलीत लहानसा हीटर आहे, आणि घरापासून तिथपर्यंत जमिनीखालून पाण्याचा पाइप.

तो पाइप मी पुरला. इथे थंडी जमिनीत पार गळ्याइतकी खोल उतरते, पाइप तिच्याही खाली हवा, हे मला दुकानदाराने, शेजाऱ्याने आणि जावयाने बजावलं होतं. भाड्याचं यंत्र आणून मी चर तसा खोल घेतलाही. पण काचेच्या खोलीच्या जरा अलीकडे, बसलेल्या म्हशीएवढा दगड लागला. त्याला वळसा घालायचा तर यंत्र आणखी एक दिवस ठेवावं लागणार, आणि माझी कंबर आधीच बोलायला लागली होती. मी पाइप दगडावरून नेला आणि माती लोटली.

बायको चहा घेऊन आली तेव्हा जमीन सपाट होती.

"झालंसुद्धा?"

"झालं की. फक्त फार थंडी पडली की खोलीतल्या नळाची बारीक धार चालू ठेवत जा. वाहतं पाणी लवकर गोठत नाही."

हे तिला सांगणं म्हणजे शिक्षाच होती. तिचं माहेर लातूरकडचं, टँकरच्या रांगेत वाढलेली. कुणाकडे जेवायला गेली आणि नळ गळताना दिसला, की घट्ट पिळून येते. एका घरी तर इतका पिळला, की तो उघडायला यजमानांना पान्हा शोधावा लागला.

जानेवारीत पाइप गोठला. सकाळी मी खोलीत गेलो, तर नळ उघडा होता. मी सांगितला होता तेवढाच उघडा, पण कोरडा. म्हणजे तिने धार ठेवली होती आणि पाणी माझ्या दगडावर थिजलं होतं. मी नळ बंद केला. का बंद केला, ते तेव्हाही मला पक्कं ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात येऊन म्हणालो, "सवयीने बंद केलास वाटतं."

"अगं बाई!" तिने कपाळावर हात मारला. "केला असेन हो. हात जातोच माझा."

आमटीत मीठ कमी पडलंय हे जी कधी कबूल करत नाही, तिने हे चटकन कबूल केलं. मग एप्रिलपर्यंत मी बादल्या वाहिल्या. सगळे म्हणाले, काका किती समजूतदार!

पुढे प्रत्येक जेवणावळीत हा विनोद ठरलेलाच. "काकू, नळ चालू आहे ना?" तीही हसायची. पण थंडी वाढली की धार सोडून आलेली बाई कोट चढवून पुन्हा बघायला जायची. आपल्याच हातावरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि तो मी उडवला होता.

यंदाच्या संक्रांतीला कुणीतरी तोच विनोद केला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. तिळगुळाची वाटी खाली ठेवून मी सगळं सांगितलं. दगडासकट.

"वा काका! बायकोला वाचवावं तर असं," एकजण म्हणाला. टाळ्या पडल्या.

बायको म्हणाली, "पुरे हो. आता काय त्याचं."

कुणालाच, अगदी तिलाही, ते खरं वाटलं नाही. खरं बोलूनही मीच मोठा ठरलो! तेव्हा मी जावयाला म्हटलं, बर्फ गेला की पाइप नव्याने घालू. खरं तर मला साक्षीदार उकरून काढायचा होता.

मे महिन्यात यंत्राचे दात दगडावर खणखणले. जावई खाली वाकला. "बाबा, तुमचा पाइप इथे डोंगर चढलाय."

"आईंना बोलाव," मी म्हटलं.

ती आली. पाइपकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे नळ मी चालूच ठेवला होता."

"हो."

"आणि बंद कुणी केला?"

"मी."

जावयाला एकाएकी यंत्राचं तेल तपासावंसं वाटलं. मग तिने पदर खोचला. "कुणी काही हलवू नका. सगळ्यांना चहाला बोलावते."

आणि खरंच बोलावलं. लोक चराच्या काठावर कांदेपोहे खात उभे, आणि ही झाडूच्या दांड्याने दाखवतेय: "हा दगड. हा ह्यांचा पाइप. आणि हा माझा नळ." असं दर्शन चांगलं दिवसभर चाललं. मी चहाचे कप विसळत होतो.

आता पाइप दगडाला वळसा घालून, थंडी पोचते त्याच्याही खालून जातो. वळणावर मी फोमचे जाड थरही घातलेत, तिच्या देखरेखीखाली. धार सोडायची गरज उरलेली नाही. पहिली कडक थंडी पडली त्या संध्याकाळी ती खोलीत गेली, नळ मनासारखा पिळला आणि परत आली.

पुन्हा बघायला गेली नाही. सकाळी पाणी होतं. फक्त नळ उघडायला मला पान्हा लागला.